लॅटिन की फ्रेंच? शाळेत लॅटिन शिकलेल्यांना पुढे नोकरीधंद्यात त्याचं काय झालं?

इंद्रायणी_काठ

नमस्कार मंडळी,

तीन वर्षांपूर्वी पुण्याहून इकडे जर्मनीत आलो, श्टुटगार्टच्या जवळ. चिरंजीव आता पाचवीत आहेत, गिम्नाझियममध्ये (व्यायामशाळा नव्हे, पुढे विद्यापीठाकडे नेणारी शाळा). इथे सहावीपासून दुसरी परकीय भाषा घ्यावी लागते. पहिली इंग्रजी, आणि दुसरीसाठी त्याच्या शाळेत फ्रेंच नाहीतर लॅटिन. महिनाअखेर फॉर्म भरून द्यायचा आहे आणि घरात तीन पक्ष पडले आहेत.

नवऱ्याचं म्हणणं, फ्रेंच. फ्रान्सची सीमा दोन तासांवर आहे, जिवंत माणसं बोलतात, नोकरीला कामी येईल. शेजारच्या जर्मन आजी म्हणतात, लॅटिन घेतलं की डॉक्टर, वकील, सगळ्याची दारं उघडतात. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन : "लॅटिन घे म्हणावं, मी शिकवीन." त्या तीस वर्षं संस्कृत शिकवत होत्या. लॅटिनचा एक शब्द येत नाही, पण आत्मविश्वास दांडगा.

मी मध्ये. मी स्वतः दहावीला संस्कृत घेतलं ते निव्वळ मार्कांसाठी. नव्वदच्या पुढे पडले. आज कोणी "वने" ही सप्तमी की द्विवचन असं विचारलं तर मी पाणी प्यायला उठून जाईन. तेव्हा माझ्या पोराने पाच वर्षं आणखी एक मेलेली भाषा घोकावी का?

इथे कोणी शाळेत लॅटिन शिकलेलं असेल तर खरंखुरं सांगा. पुढे त्याचा काही उपयोग झाला का? "मेंदूला व्यायाम होतो" हे सोडून.

टवाळ_कार्टं

व्हेनी, व्हिडी, व्हिसा. आमचं लॅटिन एवढंच, आणि करिअरला पुरलं.

(रुमाल टाकून ठेवतोय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.)

गोळी_घ्या_गोळी

माझं मेडिकलचं दुकान आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. लॅटिन शाळेत सोडा, कुठेच शिकलो नाही, पण रोज सकाळी नऊपासून तेच वाचतो हे डी.फार्मला कळलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं बी.डी. म्हणजे "बिस इन दिए", दिवसातून दोनदा. टी.डी.एस. तीनदा. एच.एस. म्हणजे "होरा सोम्नी", झोपायच्या वेळी. आणि एस.ओ.एस. म्हणजे बुडत्या जहाजाची हाक नव्हे, "सी ओपुस सीत" : गरज पडली तर. एक आजोबा ताप नसतानाही रोज घेत होते ती गोळी. म्हणाले, एस.ओ.एस. लिहिलंय म्हणजे अर्जंट असणार.

ओ.डी. तर जास्तच बेरकी. साध्या चिठ्ठीवर "दिवसातून एकदा", डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "उजवा डोळा". मी मुलांना सांगून ठेवलंय, ड्रॉप असला की फोन करून विचारा.

चालू द्या.

मिरजवाला

इंद्रायणी ताई, मी इथे हानोफरला हॉस्पिटलात आहे. एमबीबीएस मिरजेला. शाळेत अर्थातच लॅटिन नव्हतं, संस्कृतही नव्हतं.

शेजारच्या आजींचं "डॉक्टर व्हायला लॅटिन लागतं" हे जुन्या काळातलं आहे. आता मेडिकलला लॅटिनची अट नाही. पहिल्या सेमिस्टरला वैद्यकीय परिभाषेचा एक छोटा कोर्स सगळ्यांना सक्तीचा असतो, तेवढ्यात भागतं. वकिलीलाही अट नाही. इतिहास, धर्मशास्त्र, असल्या विषयांत पुढे जायचं तर अजून बऱ्याच ठिकाणी "लॅटिनुम" विचारतात. लॅटिनुम म्हणजे शाळेच्या दाखल्यावरची एक नोंद : याने अमुक पातळीपर्यंत लॅटिन पूर्ण केलं.

आणि आमच्या धंद्यातले निम्मे शब्द तर ग्रीक आहेत. मूत्रपिंडाला लॅटिनमध्ये "रेन", म्हणून रीनल. त्यालाच सूज आली की एकदम ग्रीक "नेफ्रोस", म्हणून नेफ्रायटिस. लॅटिनवाल्या पोरांचीही इथे विकेट पडते.

एक मात्र पाहिलं. इथले डॉक्टर पेशंटशी साध्या जर्मनमध्ये बोलतात आणि पेशंटच्या डोक्यावरून एकमेकांशी लॅटिनमध्ये. मला सुरुवातीला उलटं झालं होतं : लॅटिन नावं सगळी पाठ, आणि आजीबाईंना "तुमचं अपेंडिक्स" जर्मनमध्ये कसं सांगायचं ते येईना.

ऋण_धन

"मेंदूला व्यायाम" नको म्हणालात ते बरं केलंत, कारण त्याचा निकाल शंभर वर्षांपूर्वीच लागला आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२४ साली साडेआठ हजार शाळकरी मुलांच्या चाचण्यांचे आकडे छापले. वर्षाच्या सुरुवातीला एक चाचणी, शेवटी एक. कोणता विषय घेतल्याने विचारशक्ती जास्त वाढते, हे बघायचं होतं. विषयाविषयांतला फरक जवळजवळ नगण्य निघाला. जी मुलं आधीच हुशार होती ती पुढे गेली, मग त्यांनी काहीही घेतलेलं असो. हुशार मुलं लॅटिन घेत, म्हणून लॅटिन हुशार करतं असं दिसे, इतकंच.

दुसरं ऐकवतात ते "लॅटिन आलं की स्पॅनिश, इटालियन पटापट येतं". लुडविग हाग आणि एल्सबेट श्टर्न यांनी २००३ मध्ये जर्मन विद्यार्थ्यांवरच हे तपासून पाहिलं. स्पॅनिशचा कोर्स केलेली मुलं घेतली, काहींनी शाळेत लॅटिन केलेलं, काहींनी फ्रेंच. स्पॅनिशमध्ये चुका कमी कोणाच्या? फ्रेंचवाल्यांच्या. जिवंत बहीण मेलेल्या आईपेक्षा कामी येते.

माझं मत : फ्रेंच.

टवाळ_कार्टं

"जिवंत बहीण मेलेल्या आईपेक्षा" हे कोणी सासूबाईंना वाचून दाखवू नका.

पानफूल

मी वनस्पतीशास्त्रातला, पुण्यात. आमच्याकडे लॅटिन शोभेचं नव्हतं, आमच्या पोटापाण्याचं होतं. थोडं लांबण लागेल.

तुम्हाला सह्याद्रीत एखादं नवं फूल सापडलं, आधी कोणी नोंदवलेलं नाही, तर नुसतं "सापडलं हो" म्हणून चालत नाही. नाव द्यायचं, वर्णन छापायचं, नमुना वनस्पतिसंग्रहात ठेवायचा. आणि ३१ डिसेंबर २०११ पर्यंत नियम असा होता की त्या वर्णनाचा नेमका भाग लॅटिनमध्ये हवाच. नसेल तर नाव अवैध. बाकी अख्खा निबंध इंग्रजीत लिहा, फोटो लावा, काही उपयोग नाही. चार ओळी लॅटिन नसतील तर तुमचं फूल जन्मालाच आलं नाही. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालू लागलं.

आता आमच्या पिढीला लॅटिन कोणी शिकवणार? फादर सांतापाव यांच्यासारख्यांची गोष्ट वेगळी. ते जेझुइट, मुंबईच्या झेवियर्समध्ये शिकवायचे, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. धर्मगुरू व्हायचं म्हणून केलेलं लॅटिन त्यांना झाडांच्या कामी आलं. आम्ही जुने निबंध समोर ठेवून त्यातले तुकडे जोडायचो. मी पहिल्यांदा पाठवलेला निबंध परत आला. गेंदाच्या कुळातली एक वनस्पती होती, कासच्या सड्यावर, म्हणजे कातळपठारावर, असते तसली, पांढऱ्या टाचणीसारखी. शास्त्रीय नाव एरिओकॉलॉन. मी पुढे "मिनुतुस" छापाचं पुल्लिंगी विशेषण लावून मोकळा. परीक्षकाने एवढंच लिहिलं होतं : "एरिओकॉलॉन नपुंसकलिंगी आहे." बाकी कामाबद्दल अक्षर नाही. तीन पावसाळे ज्या सड्यावर पालथा पडून काढले, ते एका प्रत्ययापाशी अडलं.

त्या दिवशी सरांनी मला गेटबाहेरच्या पिंपळाखाली नेलं. "याचं नाव?" "फायकस रिलिजिओसा." "फायकसला शेवटी उस् आहे, म्हणजे दिसायला पुल्लिंगी. मग रिलिजिओसुस का नाही?" मी बीएस्सीपासून ते नाव घोकत होतो, कधी डोक्यातच आलं नाही. लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुतेक स्त्रीलिंगी, शेवट कसाही असो. म्हणून पिंपळ रिलिजिओसा, उंबर रासेमोसा. आपल्याकडे पिंपळ तो, उंबर ते. रोमनांकडे सगळ्या बायका.

तर उपयोग झाला का? नोकरी लॅटिनमुळे मिळाली नाही. पण अडली मात्र असती. आणि आता नियम गेला तरी नावं लॅटिनच आहेत, लिंग जुळवावंच लागतं. सेरोपेजिया महाबळेई हे नाव घ्या, कंदीलपुष्पातलं. "महाबळेई" ही चक्क षष्ठी आहे : महाबळ्यांची. वनस्पतीशास्त्राच्या प्रा. महाबळे यांच्या नावाला रोमन प्रत्यय लागून ते जुन्नरच्या डोंगरात उभे आहेत, ही गोष्ट मला अजून गंमतीची वाटते.

अवांतर : चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला संस्कृतच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी, केंब्रिजला जाऊन वनस्पतीशास्त्र केलं, आयसीएसला (इंग्रजी अमदानीतली सनदी सेवेची परीक्षा) पहिले आले, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, आणि मेघदूताचा मराठी अनुवादही केला. यातलं कशामुळे काय झालं, ते ऋण_धन यांनी चाचणी घेऊन सांगावं.

ऋण_धन

@पानफूल : तीच तर गंमत. देशमुखांनी मोडी घेतली असती तरी ते पहिलेच आले असते.

प्रतिसाद मात्र झकास. वाचनखूण साठवली.

पूर्वपक्ष

आयसीएसचं नाव निघालंच आहे तर दुसरी बाजूही येऊ द्या. लॅटिनने करिअर घडतं का, हा प्रश्न मला वरवरचा वाटतो. कोणाचं घडावं हे ठरवण्यासाठी लॅटिन वापरलं गेलं, हे खरं.

१८५४ साली मेकॉलेच्या समितीने आयसीएसच्या परीक्षेचे गुण ठरवले. लॅटिनला ७५०, ग्रीकला ७५०. संस्कृतला ३७५, अरबीला ३७५. काम कुठे करायचं? हिंदुस्थानात. म्हणजे साताऱ्याचा कलेक्टर व्हायला रोमचं व्याकरण साताऱ्याच्या शास्त्र्यांच्या व्याकरणापेक्षा दुप्पट मोलाचं. परीक्षा खुली होती, फक्त गुणांची वाटणी इंग्लंडातल्या शाळांना सोयीची होती.

अरविंद घोषांचं उदाहरण बोलकं आहे. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत, मग केंब्रिजला. लॅटिन-ग्रीकवर असं प्रभुत्व की १८९० मध्ये आयसीएसच्या लेखी परीक्षेत अकरावे आले. पुढे घोडेस्वारीच्या परीक्षेला गेलेच नाहीत, म्हणून बाद. सयाजीरावांनी त्यांना बडोद्याला आणलं. तिथे महसुलाच्या कचेरीत बसले, कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवलं, मराठी शिकले. ज्या लॅटिनवर वर आले त्याचं बडोद्यात काय करणार होते?

ऑक्सफर्ड-केंब्रिजला प्रवेशासाठी लॅटिनची सक्ती साधारण १९६० पर्यंत होती. ज्याच्या शाळेत लॅटिनचा मास्तर नाही त्याने दाराबाहेर थांबायचं. आणि आपण हसू नये. डॉ. आंबेडकरांना शाळेत संस्कृत घ्यायचं होतं. शिकवायला नकार मिळाला, म्हणून पर्शियन घ्यावं लागलं. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर केलं. जुनी भाषा ही भाषा कमी आणि कुलूप जास्त असते.

धागाकर्तीला सल्ला देत नाही. आजींच्या तोंडचं "दारं उघडतात" हे वाक्य मात्र उलटं करून वाचा.

इंद्रायणी_काठ

@पूर्वपक्ष, हे मनात रेंगाळत राहणार. शाळेच्या पालकसभेत लॅटिनच्या बाजूला बसलेले पालक कोण होते हे आता आठवून बघतेय. हो, डॉक्टर, वकील, आणि त्यांचे आजोबा पण डॉक्टर, वकील.

खटला_चालू_आहे

वकील आहे, औरंगाबाद खंडपीठ. लॅटिन आमच्याकडे मिठासारखं. हेबियस कॉर्पस, लोकस स्टँडाय, सब ज्युडिस. इंग्लंडमध्ये १९९९ च्या नव्या दिवाणी नियमांनी यातलं बरंच काढून टाकलं, आम्ही मात्र निष्ठेने जपून आहोत. पक्षकारालाही दोन शब्द कानावर पडले की फी वसूल झाल्यासारखं वाटतं.

रेस ज्युडिकाटा, म्हणजे एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा उकरता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११. हे रोमचं देणं म्हणून आम्हाला शिकवलं. पुढे कळलं की आपल्या धर्मशास्त्रात प्रतिवादीने द्यायच्या उत्तराचे चार प्रकार आहेत, त्यातला एक "प्राङ्न्याय" : याचा निवाडा आधीच झाला आहे. तेच, वेगळ्या गावचं. लॅटिन कळलं असतं तर त्या शब्दाचा धाक वाटला नसता, एवढा उपयोग मी मान्य करतो.

सासष्टीकार

आमचे पप्पा पणजीच्या लिसेवांत शिकलेले, पोर्तुगीज अमदानीत. पोर्तुगीज, फ्रेंच, लॅटिन. लिस्बनला जाऊन कायदा शिकायचा बेत होता. १९६१ चा डिसेंबर आला आणि बेत राहिला. एका रात्रीत सगळं शिक्षण जुन्या नोटांसारखं झालं. कचेऱ्यांत इंग्रजी पाहिजे, पप्पांना इंग्रजी येत नाही.

मग हळूहळू लोक घरी यायला लागले, कागद घेऊन. गोव्यात वारसाहक्काला पोर्तुगीज नागरी कायदा चालूच राहिला ना. जुनी खरेदीखतं, नोटरीच्या वह्या, इन्व्हेंटरीचे, म्हणजे मयताच्या मालमत्तेच्या वाटणीचे, दावे. त्यांत मयताचा उल्लेख "दे कुयुस" असा असतो. ते लॅटिन वाक्याचं शेपूट आहे : ज्याच्या वारशाबद्दल चाललंय तो. तरुण वकिलांना वाटायचं कुणा इसमाचं नाव आहे. पप्पा हसून हसून सांगायचे, "सगळ्या गोव्यात एकच माणूस मरतोय परत परत, त्याचं नाव देकुयुस."

त्यांनी शेवटपर्यंत कागद वाचून दिले. टेबल ओसरीवर, भिंग, आणि एका कागदाचे पैसे किती ते समोरच्याच्या चपला बघून ठरायचे. याला करिअर म्हणावं की नाही, ठाऊक नाही. आम्ही तिघे भावंडं त्यावर शिकलो.

बातमीदार_निवृत्त

सासष्टीकार, सुंदर लिहिलंत.

एक आठवलं. ११ फेब्रुवारी २०१३. व्हॅटिकनमध्ये संत घोषित करण्याबाबतची रटाळ बैठक, पोप बेनेडिक्ट लॅटिनमध्ये वाचताहेत, पत्रकार पडद्यावर बघताहेत. शेवटी पोपनी लॅटिनमध्येच सांगितलं की मी पद सोडतोय. कित्येक शतकांत न घडलेली गोष्ट. आन्सा या इटालियन वृत्तसंस्थेच्या जोव्हान्ना किर्री यांना ते लॅटिन कळलं, आणि जगात पहिली बातमी त्यांची लागली.

तीस वर्षं बातमीदारी केली. असा एक क्षण मिळायला मी संस्कृत, पाली, अर्धमागधी सगळं केलं असतं.

नववी_ब

धागा काल पाहिला, लिहू की नको करत होते. इथे मी एकटीच दिसतेय जिने जर्मनीत शाळेत लॅटिन केलंय, सहावी ते दहावी. लॅटिनुमसकट.

नाशिकहून आले तेव्हा दहा वर्षांची होते. जर्मन यथातथाच. गणितात बरी, बाकी तासांना भिंतीचा रंग बघत बसायची. आईबाबांनी लॅटिन घेतलं ते कोणीतरी "तिथे बोलावं लागत नाही" म्हणाल्यामुळे. आणि ते खरं आहे. लॅटिनचा तास जर्मनमध्येच चालतो. लॅटिन वाचायचं, जर्मनमध्ये सोडवायचं.

पहिल्या दोनेक महिन्यांतली गोष्ट. बाईंनी फळ्यावर लिहिलं : "पुएरुम कानिस मोर्देत." पुएर मुलगा, कानिस कुत्रा, मोर्देत चावतो. वर्गातली हुशार पोरं ओरडली, "मुलगा कुत्र्याला चावतो!" हशा. जर्मनमध्ये पहिला शब्द सहसा कर्ता, म्हणून त्यांनी ओळीने लावलं. मला ते तसं ऐकूच आलं नाही. माझ्या कानात सरळ मराठी वाजलं : मुलाला कुत्रा चावतो. "उम्" म्हणजे आपलं "ला". शब्द कुठेही ठेवा, काय फरक पडतो? मी हात वर केला. त्या शाळेत पहिल्यांदा. बाईंनी विचारलं, "हे तुला कशावरून कळलं?" मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, शेवटावरून. त्या "बरोबर" म्हणाल्या नाहीत, वर्गाकडे वळून "ऐकलं का, शेवटावरून" म्हणाल्या.

मग लक्षात येत गेलं की हे सगळं ओळखीचं आहे. तीन लिंगं आहेत. विभक्ती आहेत, आणि "अब्लातिव" नावाची एकच विभक्ती आपली तृतीया, पंचमी, सप्तमी अशी तीन घरची धुणी धुते : तलवारीने, रोमहून, त्या वेळी, सगळं तिच्याकडे. "ज्या मुलाला मी पाहिलं तो" मधला "ज्या" कसा लिंग-वचन मुलाकडून घेतो आणि विभक्ती आपल्या वाक्यातून, अगदी तसंच त्यांचं. जर्मन पोरांना हे नियम म्हणून पाठ करावं लागे. पुढे उलटंच झालं : लॅटिनमुळे माझं जर्मन सुधारलं. कारण त्या एका तासाला जर्मन वाक्य कोणीतरी उकलून, हा कर्ता, हे कर्म, असं समोर मांडत होतं. बर्लिनच्या नॉयकोल्न भागात, जिथे बाहेरून आलेल्यांची वस्ती जास्त, तिथल्या शाळेत हुम्बोल्ट विद्यापीठाच्या श्टेफान किप्फ यांनी हाच प्रयोग मुद्दाम केला, लॅटिन हा जर्मनकडे जायचा पूल म्हणून. ते मी फार नंतर वाचलं आणि म्हटलं, अरे, हे तर आपलंच.

आता करिअर. गाड्यांच्या ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारी कंपनी आहे, तिथे मी "यंत्राने काय करायला हवं" याची वाक्यं लिहिते आणि तपासते. हजारो वाक्यं, सगळी इंग्रजीत. काही वर्षांपूर्वी एक वाक्य आलं, त्याचा मराठी अवतार असा : "नियंत्रकाने झडपेच्या सेन्सरवर लक्ष ठेवावे, जे अमुक दाबाला बंद करावे." बंद काय करायचं? नियंत्रक, झडप की सेन्सर? इंग्रजी "विच"ला ना लिंग ना विभक्ती. मराठीत जो-जी-जे लिहावंच लागतं, जर्मनमध्येही झडप नपुंसक आणि सेन्सर पुल्लिंगी, म्हणजे लपायला जागा नाही. इंग्रजीत लपतं. ज्यांनी यंत्र बांधलं त्यांनी झडप धरली, ज्यांनी चाचणी लिहिली त्यांनी सेन्सर. तीन आठवडे चाचणी-बाकावर सगळे एकमेकांना शिव्या घालत होते. मी वाक्य वाचून विचारलं, "झडप, हे तुम्हाला कशावरून कळलं?" आणि तोंडातून शब्द निघाल्यावर समजलं की हा आवाज माझा नाही, बाईंचा आहे.

आता ऋण_धन म्हणतील, हे मराठीमुळेही सुचलं असतं. असेलही. मला सिद्ध करता येणार नाही. आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी शाळेत फ्रेंच शिकली. तोच हुद्दा, तोच पगार, वर सुट्टीत फ्रान्सला गेली की हॉटेलात तिचं नीट चालतं. माझ्या अर्जावरचा लॅटिनुमचा उल्लेख आजवर एकाच मुलाखतीत कोणी वाचला. त्या गृहस्थांनी विचारलं, "मलाही शाळेत होतं. काही आठवतं का?" दोघांनाही पहिल्या धड्यापलीकडे काही आठवेना. त्यावर पाच मिनिटं हसलो आणि नोकरी मिळाली. @पूर्वपक्ष, हे तुमच्या खात्यात जमा करा. त्या खोलीत मी आणि ते एकाच शाळेचे झालो होतो, आणि ती शाळा सगळ्यांना मिळत नाही.

ऋण_धन

@नववी_ब : एका माणसाच्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नयेत, हे मी शिकलोय आणि शिकवतोही. तरी हा प्रतिसाद दोनदा वाचला. "फ्रेंच" हा माझा सल्ला मागे घेत नाही, जरा सैल करतो.

पानफूल

"तीन घरची धुणी" हे उद्या वर्गात वापरणार. श्रेय देईन.

टवाळ_कार्टं

मराठी पोरांना लॅटिन सोपं जातं हे सिद्ध झालं. आता कोकणातल्या पोरांसाठी "अब्लातिव : शाळा व सुटका" असा क्लास काढतो. आगाऊ नोंदणी सुरू.

इंद्रायणी_काठ

मंडळी, फॉर्म आज दिला. लॅटिन.

यातलं श्रेय आपल्यापैकी कोणालाच नाही, हे आधी सांगते. काल रात्री मी त्याच्यासमोर सगळ्या बाजू मांडत होते. कासचं फूल सांगितलं, गोव्याचे पप्पा सांगितले, सीमेपलीकडचं फ्रान्सही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझं ठरलंय कधीच. लॅटिन. ते कोणीच बोलत नाही ना? मग माझ्या बोलण्याला कोण हसणार?"

मी विचारलं, हसतात का? म्हणाला, "आता कमी."

तीन वर्षांत हे मला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नाही. नववी_ब, तुम्ही "बोलावं लागत नाही" लिहिलंत ते मी नुसतं वाचून पुढे गेले होते.

फ्रेंच आठवीत तिसरी भाषा म्हणून घेता येतं म्हणे, नवऱ्याचा पक्ष तेवढ्यावर शांत आहे. सासूबाईंनी साताऱ्यात लॅटिनचं पुस्तक मिळतं का याची चौकशी सुरू केली आहे.

एक विचारायचं राहिलं. पहिल्या वर्षी वेगळा शब्दकोश घ्यावा लागतो का?

नववी_ब

नाही, पुस्तकाच्या मागची यादी पुरते. शब्दकोश पुढे लागतो. त्याऐवजी स्टेशनरीच्या दुकानात पाच कप्प्यांची खोकी मिळते, शब्दांच्या चिठ्ठ्या ठेवायची, ती घ्या. आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, चुकलेला पुन्हा पहिल्यात.

आणि चिठ्ठीच्या मागे जर्मन अर्थाखाली मराठी पण लिहायला सांगा. आजींना फोनवर प्रश्न विचारायला सोपं जाईल.